मावशींना दुबईला आणताना

एका वाचक बाईंचं पत्र थोडक्यात असं आहे: "आम्ही दुबईत राहतो. दोघंही नोकरी करतो, मिळून महिना 27 हजार दिरहम येतात. मुलगी पाच महिन्यांची आहे. बाळंतपणाची 60 दिवसांची रजा केव्हाच संपली. पुढे काही दिवस बिनपगारी रजा घेतली, मग आई आणि सासूबाई आळीपाळीनं येऊन राहिल्या. सासूबाई दोन महिन्यांत परत जातील. संगमेश्वरकडच्या आमच्या वाडीतल्या एक मावशी सासरच्या घरी बरीच वर्षं कामाला आहेत. वय 38, शिक्षण सातवी. नवरा वारला. बारा वर्षांची मुलगी आहे, ती आजीजवळ राहील. त्यांचं आडनाव आमचंच, पण नातं फार लांबचं. त्या आल्या तर मुलीच्या कानावर मराठी पडेल, म्हणून आम्हाला त्याच हव्यात. सासूबाई म्हणतात, त्या यायला तयार आहेत. दीर म्हणतात, आधी व्हिजिट व्हिसावर आणा, पुढचं पुढे बघू. गावी त्यांना महिन्याला सात-आठ हजार मिळतात, इथे आम्ही हजार दिरहम देऊ. घरच्यासारख्याच राहतील, म्हणून सुट्टी, करार वगैरेचा विचार केला नाही. शेजाऱ्यांची बाई पळून गेली, तेव्हा पासपोर्ट आमच्याकडेच ठेवावा असं यांचं मत आहे. इतकं सगळं त्यांच्या भल्याचं असून मला मात्र आतून बरं वाटत नाही. माझं काही चुकतंय का?"

आधी तातडीचं सांगते, कारण तिकीट काढायला वेळ लागत नाही. मावशींना व्हिजिट व्हिसावर कामासाठी आणू नका. दीर कितीही खात्री देवोत, ही वाट धरू नका.

मावशी दहावी झालेल्या नाहीत, म्हणजे त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असा शेरा येणार. असा पासपोर्ट असलेल्या माणसाला आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जायचं तर निघण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या भारत सरकारच्या अधिकाऱ्याच्या कार्यालयाची परवानगी लागते. असं एक कार्यालय मुंबईत आहे. बायकांसाठी अट आणखी कडक आहे. वय किमान 30 हवं, आणि 2016 पासून त्यांची भरती खाजगी एजंटाला करता येत नाही. ती ठरावीक सरकारी संस्थांमार्फत होते. नाहीतर बोलावणाऱ्या कुटुंबाला भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतःची नोंदणी करावी लागते, करार दाखवावा लागतो आणि 2,500 डॉलरची बँक गॅरंटी द्यावी लागते. ही रक्कम ऐकून अनेक घरं मागे फिरतात आणि व्हिजिट व्हिसाकडे वळतात. पण ती गॅरंटी कशासाठी आहे बघा. उद्या पगार थकला, मालकानं हात वर केले, तर त्या बाईला घरी आणायला पैसे कुठून येणार, याचं उत्तर म्हणून ती आहे.

व्हिजिट व्हिसावर आलेल्या मावशी कागदावर पर्यटक असतील. करार नाही, पगाराची नोंद नाही. कामगार म्हणून जाणाऱ्याला मिळणारा प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमाही नाही. दोन वर्षांसाठी त्याचा हप्ता अवघा 275 रुपये आहे. स्वयंपाकघरात हात भाजला तर दवाखान्यात त्या कोण म्हणून जातील? चौकशी झाली तर त्यांची परत पाठवणी होईल आणि तुम्हाला दंड होईल. घरकामगारांसाठीच्या 2022 च्या अमिराती कायद्यात परवान्याशिवाय कामाला ठेवणाऱ्याला दंड 50 हजार दिरहमपासून सुरू होतो. पंजाब, आंध्र, तेलंगणातल्या कितीतरी बायका याच वाटेनं ओमानमध्ये आणि इतर आखाती देशांत पोहोचल्या आणि तिथे अडकल्या. "अमक्यानं असंच आणलं, काही झालं नाही" ही उदाहरणं आपल्याला मित्रमंडळींकडून कळतात. ज्या बायकांचं वाईट झालं, त्यांची हकीकत आपल्या ओळखीच्या घरांपर्यंत येतच नाही.

आता अमिरातीची बाजू. परदेशी कुटुंबाला घरकामासाठी कुणाला स्पॉन्सर करायचं, म्हणजे आपल्या जबाबदारीवर व्हिसा काढून आणायचं, तर कुटुंबाचं उत्पन्न महिना 25 हजार दिरहम असावं लागतं. तुम्ही त्या रेषेच्या थोड्याच वर आहात. दोघांपैकी एकाची नोकरी गेली, तर तुमच्याबरोबर मावशींचाही व्हिसा धोक्यात येईल, हे आजच धरून चाला. दुसरी गोष्ट आडनावाची. स्पॉन्सर आणि कामगार यांच्यात नातं असता कामा नये. आपल्याकडे अख्ख्या वाडीचं आडनाव एकच असतं हे तिथल्या कारकुनाला कुठून माहीत असणार? भावकी किती पिढ्यांपूर्वीची आहे हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून नीट लिहून घ्या. नातं असेल तर ते लपवून खोटं प्रतिज्ञापत्र करू नका. नसेल, तर तसं प्रतिज्ञापत्र द्यायची तयारी ठेवा.

आणि एक गोष्ट, जी फार जणांना तिथे पोहोचल्यावर कळते. निवासी व्हिसाआधी तिथे वैद्यकीय तपासणी होते. जुना, बरा झालेला क्षय असला तरी छातीच्या एक्स-रेमध्ये त्याची खूण दिसली की नव्यानं आलेल्या माणसाला परत पाठवलं जाऊ शकतं. आपल्या गावांत हा आजार होऊन गेलेली माणसं पुष्कळ. तेव्हा मावशींचा एक्स-रे आणि रक्ततपासणी रत्नागिरीला किंवा चिपळूणला आधीच करून घ्या, तुमच्या खर्चानं. घरदार आवरून, मुलीचा निरोप घेऊन गेलेल्या बाईला पंधरा दिवसांत परत यावं लागलं तर गावात तिला काय काय ऐकावं लागेल, याचा विचार करा.

इथवर कागद झाले. पण तुम्हाला आतून बरं वाटत नाही ते कागदांमुळे असेल असं मला वाटत नाही.

"इतकं सगळं त्यांच्या भल्याचं असून" असं तुम्ही लिहिलंत. हजार दिरहम म्हणजे साधारण तेवीस ते पंचवीस हजार रुपये. गावच्या पगाराच्या तिप्पट, हे खरं. पण गावी त्या दिवसातले चार-पाच तास तुमच्या सासरी असतात आणि संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या मुलीजवळ जातात. दुबईत त्या चोवीस तास तुमच्या दाराआड असतील. रात्री बाळ रडलं तर उठतील. हिशेब मांडायचा तर तासांचाही मांडा, आणि बारा वर्षांच्या मुलीपासून लांब राहण्याचाही मांडा, मग तिप्पट ही तिप्पट राहत नाही. तुम्ही त्यांना आणताय ते तुमची नड आहे म्हणून. त्या येतील त्या त्यांची नड आहे म्हणून. दोन्ही बाजूंना गरज असलेला हा व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हणण्यात काही कमीपणा नाही. उपकाराची भाषा घरात शिरली की पहिल्यांदा सुट्टी मागताना त्यांची जीभ अडखळेल आणि "एवढं केलं आपण यांच्यासाठी" हे तुमच्या मनात येईल. ते मनात यायच्या आधीच करार लिहा.

तुमच्या आईला बरं नसताना कामाला जुंपलेलं तुम्हाला चालणार नाही. बहिणीचा पासपोर्ट तुम्ही कपाटात कुलूपबंद करणार नाही. म्हणजे घरच्यासारखं वागवायचं असं आपण मनापासून म्हणतो, पण त्या नावाखाली घरच्यांना मिळणारं स्वातंत्र्य देत नाही आणि नोकराला मिळणारे हक्कही देत नाही. मावशींना नोकराचे हक्क आधी पुरते मिळू द्या. माया त्याच्यावर आपोआप येते, तुमच्या पत्रावरून ती तुमच्याकडे आहेच.

कायद्यानं काय द्यायचं आहे ते सांगते. आठवड्याला एक दिवस भरपगारी सुट्टी. दिवसाला 12 तास विश्रांती, त्यातले किमान 8 तास सलग. तान्हं बाळ असलेल्या घरात ही सलग आठ तासांची अट पाळायची तर रात्रीचं बाळ तुम्ही आणि तुमचे यजमान बघणार, हे आजच ठरवायला हवं. वर्षाला 30 दिवस भरपगारी रजा. आजारपणाची रजा 30 दिवसांपर्यंत, त्यातले पहिले 15 दिवस पूर्ण पगारी. दर दोन वर्षांनी गावी जायचं-यायचं तिकीट. औषधोपचार आणि आरोग्यविमा तुमच्याकडे. भरतीचा, व्हिसाचा, तपासणीचा एकही पैसा त्यांच्या पगारातून कापता येत नाही. "पहिले तीन महिने तिकिटाचे वळते करू" असं कुणी सुचवलं असेल तर ते बेकायदा आहे.

पासपोर्टबद्दल यजमानांना सांगा की कामगाराची ओळखपत्रं मालकानं ठेवून घेणं अमिरातीत निषिद्ध आहे. त्यांची भीती मला कळते. बाई निघून गेली तर तक्रार, कागद, गेलेले पैसे, सगळं निस्तरावं लागतं. पण शेजारच्या बाई का गेल्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं का? पगार वेळेवर होता का? आठवड्याची सुट्टी होती का? मोबाइल हातात होता का? बऱ्याच बायका धड सांगून जाता येत नाही म्हणून न सांगता जातात. मावशींना जायचं असलं तर सांगून जाता येईल, हे त्यांना आधीच ठाऊक असू द्या. सहा महिन्यांचा परीक्षाकाल कायद्यातच आहे. त्या काळात त्यांना किंवा तुम्हाला जमलं नाही तर परतीचं तिकीट तुम्ही काढाल आणि कुणी कुणाला बोल लावणार नाही, असं गावातल्या मोठ्या माणसांसमोर बोलून ठेवा. त्यानं त्यांच्या मनावरचं निम्मं दडपण जाईल.

पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला द्या आणि नोंद ठेवा. तो कुठे जातो याकडेही लक्ष असू द्या. विधवा बाईचा पैसा दिराच्या किंवा भावाच्या खात्यात जायची आपल्याकडे रीत आहे, आणि दोन वर्षांनी परत आल्यावर तिच्या हाती काहीच उरलेलं नसतं. निघण्याआधी मावशींचं स्वतःच्या नावाचं बँक खातं, एटीएम कार्ड, मोबाइल नंबर हे सगळं चालू करून घ्या. आजीला मुलीसाठी दर महिन्याला किती पाठवायचे आणि किती मागे टाकायचे, हे मावशींनाच ठरवू द्या.

हजार दिरहम पुरेसे आहेत का, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. बाळ सांभाळणं आणि अख्खं घरकाम ही दोन कामं आहेत. बाळ जागं असताना मावशींनी बाळाजवळ असावं असं वाटत असेल, तर त्याच वेळी पोळ्या, इस्त्री आणि फरशी त्यांच्याकडून होणार नाही. दोन्ही हवं असेल तर पगार वाढवा, नाहीतर साफसफाईला आठवड्यातून दोनदा परवानाधारक कंपनीची बाई बोलवा. तासाला साधारण तीस-चाळीस दिरहम पडतात.

राहायची जागा कुठली, हे पत्रात नाही. दुबईतल्या घरांमध्ये स्वयंपाकघराशेजारी कामवालीसाठी म्हणून एक खोली असते, पुष्कळदा खिडकीसुद्धा नसलेली. कोकणातल्या अंगणात वावरलेल्या बाईला त्या खोलीत काय वाटेल? ती खोलीही नसेल आणि हॉलमध्ये गादी घालायचा विचार असेल, तर त्यांना अंग टाकायला आणि दार लावून घ्यायला हक्काची जागाच नाही. अशा वेळी आणू नका, असं मी स्पष्ट सांगेन. घरात कॅमेरा लावणार असाल तर तो कुठे आहे हे त्यांना दाखवा, आणि त्यांच्या झोपायच्या जागेकडे तो वळलेला नसावा.

आता त्यांची मुलगी. तुमच्या पत्रात तिच्यावर एकच वाक्य आहे, आणि मी पुन्हा पुन्हा त्याच वाक्यापाशी थांबले. तुमच्या मुलीजवळ प्रेमाचं माणूस असावं म्हणून दुसरी एक मुलगी आपल्या आईपासून लांब राहणार आहे. वडील आधीच नाहीत. वय असं, की शरीर बदलतंय, शाळा बदलेल. हे लिहून तुम्हाला अपराधी वाटायला लावायचं नाही. पोटासाठी आया गाव सोडतात. मुंबईला गेल्या, आखातात गेल्या, आणि त्यांच्या मुली शिकून उभ्याही राहिल्या. पण ही गोष्ट निर्णयाच्या मध्यभागी ठेवून मग ठरवा. कायदा दोन वर्षांनी तिकीट द्या म्हणतो. तुम्ही दर वर्षी द्या, आणि रजा गणपतीत किंवा मुलीच्या मे महिन्याच्या सुट्टीत येऊ द्या. रोज रात्री आठ-साडेआठला त्यांना फोनवर निवांत बोलता येईल असं घराचं वेळापत्रक ठेवा. गावी तेव्हा साडेनऊ-दहा वाजतील, म्हणजे मुलगी झोपायच्या आत फोन व्हायला हवा. आजीकडे चांगला फोन आणि नेट आहे का? नसेल तर तो खर्च तुमचा.

त्या तयार आहेत असं तुमच्या सासूबाई सांगतात. मालकिणीनं विचारल्यावर वर्षानुवर्षं त्याच घरात काम केलेली बाई नाही म्हणेल का? त्यांच्याशी तुम्ही स्वतः बोला, सासूबाई समोर नसताना. त्यांच्या मनातलं एकाच फोनमध्ये बाहेर येणार नाही, दोन-तीनदा बोला. दुबईत आपण उंच इमारतीत असू, खाली उतरलं की ओळखीचं कुणी नसेल, उन्हाळ्यात चार महिने बाहेर पडवणार नाही, हे सगळं सांगा. शक्य असेल तर व्हिडिओवर घर दाखवा, त्यांची खोली दाखवा. आणि विचारा की तुमच्या काय अटी आहेत. हा प्रश्न त्यांना आयुष्यात बहुधा कुणी विचारला नसेल, त्यामुळे लगेच उत्तर मिळणार नाही. थांबा.

मुलीच्या कानावर मराठी पडावं ही इच्छा मला फार जवळची वाटते. पण तिचं सगळं ओझं एका बाईवर टाकू नका. ते काम तुमचं आणि यजमानांचंही आहे. पाच महिन्यांच्या मुलीला पाळणाघराचा पर्याय आहे. तिथे काही महिन्यांच्या बाळांना घेणाऱ्या नर्सरी आहेत, महिन्याला अडीच-तीन हजार दिरहमपासून पुढे. तुमच्या कचेरीजवळची निवडली तर दुपारी जाऊन बाळाला दूधही पाजता येईल. बाळंतपणानंतर कामावर रुजू झालेल्या आईला बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत रोज तासभर दूध पाजायची सवलत कायद्यानं आहे, ती तुम्ही घेताय ना? दुसरा पर्याय तदबीर केंद्रांचा. अमिरातीच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या परवान्यानं चालणाऱ्या या केंद्रांकडून त्यांच्याच स्पॉन्सरशिपवर असलेली बाई महिन्यासाठी किंवा वर्षासाठी घेता येते. ती मराठी बोलणारी नसेल, खर्चही जास्त. पण तिचा व्हिसा तुमच्या नोकरीवर टांगलेला नसतो, आणि नाही जमलं तर बदलीची, पैसे परत मिळण्याची सोय असते. मावशींना थेट आणलंत तर अशी कुठलीही हमी नाही, हे यजमानांना आधी सांगा.

माझं मत विचाराल तर, मावशींनी मोकळेपणानं हो म्हटलं, तपासणी ठीक आली, स्वतंत्र खोली असली आणि गॅरंटीची रक्कम बाजूला काढता आली, तर आणा. यातलं एक जरी नसेल तर या वर्षी नर्सरी धरा.

दोन महिन्यांत हे कागद पुरे होतील या भरवशावर राहू नका. मावशींचा पासपोर्टसुद्धा अजून निघायचा असेल. म्हणून नर्सरीत नाव आत्ताच घाला, मावशी येणार असल्या तरी. सासूबाई निघण्याआधीचे पंधरा दिवस मुलीला तिथली सवय लावायला वापरा, म्हणजे पहिल्या आठवड्यात तिला लवकर आणावं लागलं तरी घरी कुणीतरी असेल.

कराराचा मसुदा तयार झाला की तो मावशींना मराठीत वाचून दाखवा, आणि त्यांच्या बाजूनं ऐकायला वाडीतलं शिकलेलं कुणीतरी, शाळेतल्या बाई किंवा ग्रामसेवक, जवळ बसवा. एक प्रत गावी आजीकडे राहू द्या. दुबईत उतरल्यावर पहिल्याच दिवशी सिमकार्ड घेऊन द्या. पोलिसांचा 999, रुग्णवाहिकेचा 998 आणि भारतीय दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक 800 46342 त्यांच्या फोनमध्ये घाला आणि कागदावरही लिहून द्या. हा शेवटचा क्रमांक कशासाठी आहे, तुमच्याविरुद्ध तक्रार करायलाही तो आहे, हे तुम्ही स्वतः त्यांना सांगा. पहिल्या तीन-चार सुट्ट्यांना त्यांच्याबरोबर मेट्रोनं फिरा, प्रवासाचं नोल कार्ड कसं वापरायचं, बर दुबईच्या मीना बाजारात कसं जायचं, जबल अलीच्या देवळात कसं पोहोचायचं ते दाखवा. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला नेलंत तर बाळ तुम्ही घ्या आणि त्यांना पाहुण्यांसारखं बसू द्या. पुढच्या सुट्टीला त्यांना एकट्याला जायचं असेल, तर जाऊ द्या.